सासरे घरात गप्प, दोस्तांत मोकळे

प्रश्न : सुभेदारसाहेब, माझे सासरे लष्कराच्या इंजिनिअर दलातल्या बॉम्बे सॅपर्समधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. घरात दोन शब्द बोलत नाहीत, पण खडकीला जुने साथीदार भेटले की तासन्‌तास हसतात. आम्ही कुठे कमी पडतो?
– एक सून, धानोरी

उत्तर : सूनबाई, तुम्ही कमी पडत नाही. मीही सॅपरच. सुरुंग शोधताना पोटावर पडून, प्रॉडर म्हणजे टोचायची सळई तिरकी धरून, जमीन इंच इंच टोचत पुढे सरकायचं. हात जड पडला की संपलं. मागून मोकळी झालेली वाट दाखवणारी पांढरी पट्टी अंथरत साथीदार येतो. तुमच्या हातावर त्याचाही जीव असतो. अशा साथीदाराला पुढे आयुष्यभर काही समजावून सांगावं लागत नाही. घरच्यांना सांगायचं तर सुरुवात कुठून करायची? शिवाय तुम्हाला घाबरवायचं नसतं. माझ्या मते हेच मोठं कारण.

त्या साथीदारांनाच घरी जेवायला बोलवा. मटणाचा बेत करा, नातवंडांना जवळ बसवा. ‘लढाईत काय झालं’ असं थेट विचारू नका. बेली पूल, म्हणजे सुटे लोखंडी भाग जोडून केलेला पूल, रातोरात कसा उभा करायचे, ते विचारा. मग बघा कसे खुलतात!

मात्र झोपेत दचकणं, चिडचिड, दारू वाढणं दिसलं तर ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये न्याच. तिथून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. त्यात कमीपणा अजिबात नाही. तयार नसले तर खडकीच्या दोस्ताला मध्ये घाला, त्याचं ते ऐकतील.