डेबियन अपग्रेड केलं आणि गेटवे दमला

प्रश्न : आमचं हेड ऑफिस बाणेरला आहे, दुकानं महाराष्ट्रभर, सगळी आयपीसेकने (इंटरनेटवरून एन्क्रिप्ट करून जोडणारं व्हीपीएन) जोडलेली, प्रत्येक दुकानाला /24 सबनेट (नेटवर्क पत्त्यांचा एक गट). गेटवेवर (हे सगळं ट्रॅफिक ज्यातून जातं ते मशीन) हजाराच्या वर पॉलिसी आहेत, म्हणजे कुठल्या पत्त्यांमधलं ट्रॅफिक एन्क्रिप्ट करायचं ते नियम. डेबियन लिनक्स 9 वरून 10 वर गेलो आणि तेव्हापासून त्याच ट्रॅफिकला सीपीयू फुल. साहेब म्हणतात नवा सर्व्हर घेऊ. घ्यावा का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : नका घेऊ, साहेबांना आठवडाभर थांबवा. बॉक्स तोच आहे, बदललाय तो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. डेबियन 9 ला 4.9 होता, 10 ला 4.19, आणि मधे 4.14 मध्ये एक्सएफआरएमची (कर्नलमधला आयपीसेक सांभाळणारा भाग) फ्लो कॅशे काढून टाकली. आधी एका फ्लोची (त्याच दोघांमधल्या पॅकेटांच्या ओघाची) पॉलिसी एकदा सापडली की उत्तर कॅशेत जायचं, पुढच्या पॅकेटला शोधाशोध नाही, म्हणून यादी केवढी वाढलीय ते तुम्हाला कधी जाणवलंच नाही. काढली तीही उगाच नाही हं, बाहेरचा कोणीही भलभलत्या पत्त्यांचा भडिमार करून ती भरून टाकू शकायचा. आयपीव्ही4 ची राउटिंग कॅशे 2012 मध्ये 3.6 ला गेली तेही साधारण याच दुखण्यामुळे.

आता दोन्हीकडे /32 (म्हणजे एकच पत्ता) असलेली पॉलिसी हॅश टेबलमध्ये जाते, तिथे शोध झटपट. सबनेटवाली मात्र 'इनएक्झॅक्ट' मध्ये, आणि 4.19 मध्ये ती नुसती प्रायॉरिटीने लावलेली लिंक्ड लिस्ट आहे, वरून खाली वाचत जायची. तुमची सगळी दुकानं तिथेच बसलीत. त्यातही ज्या पॅकेटचा व्हीपीएनशी काही संबंधच नाही त्याला काहीच जुळत नाही, म्हणजे ते बिचारं दरवेळी अख्खी यादी संपवूनच पुढे जाणार. खात्री हवी तर 'पर्फ टॉप' (सीपीयू कोण खातंय ते दाखवणारी कमांड) लावा, एक्सएफआरएम पॉलिसी लुकअपची फंक्शन्स वरतीच दिसतील.

खरा इलाज नवा कर्नल. 2019 च्या 5.0 पासून इनएक्झॅक्ट पॉलिसी पत्त्यानुसार रेड-ब्लॅक ट्रीमध्ये (पटकन शोधता येणारी झाडासारखी रचना) असतात, जुळण्यासारख्या थोड्याच तपासायच्या आणि त्यातली सगळ्यात लहान प्रायॉरिटी नंबरवाली घ्यायची. डेबियन 11 ला 5.10 आहे, 12 ला 6.1. तसाही 10 चा एलटीएस (जादा मुदतीचा) सपोर्ट 2024 मध्येच संपलाय, तेव्हा हे काम टाळून चालणार नाहीच.

तोवर 'आयपी एक्सएफआरएम पॉलिसी सेट एचथ्रेश4 16 24' चालवा, पहिला आकडा लोकल बाजूचा, दुसरा रिमोटचा. या प्रीफिक्सइतक्या (म्हणजे / नंतरचा आकडा) किंवा त्याहून लांब पॉलिसी मग हॅशमध्ये जातात. 16 मी अंदाजाने लिहिलंय, हेड ऑफिसची बाजू /8 असेल तर 8 टाका, नाहीतर एकही पॉलिसी हलणार नाही आणि मला शिव्या घालाल. चालू मशीनवर करता येतं, रीबूटला मात्र उडतं, स्ट्राँगस्वान (आयपीसेक चालवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्याच्या कर्नल-नेटलिंक प्लगिनमध्ये हीच सेटिंग कायमची टाकता येते.