वाचकांचे प्रश्न : उत्तरायण, संक्रांत आणि परत फिरणारा सूर्य

संक्रांतीच्या सुमारास येणाऱ्या पत्रांत सूर्याविषयीचे प्रश्न नेहमीच अधिक असतात. त्यांतील सात प्रश्न या वेळी निवडले आहेत. काही पत्रे लांब होती, म्हणून त्यांचा आशय तेवढा घेतला आहे.

प्रश्न : शाळेत आम्हांला २२ डिसेंबरला उत्तरायण सुरू होते असे शिकवले. घरी मात्र मकरसंक्रांतीपासून उत्तरायण मानतात. दोन्ही बरोबर कसे असेल? (एक वाचक, इस्लामपूर)

उत्तर : दोन्ही बरोबर नाही. उत्तरायण डिसेंबरातच सुरू होते. मकरसंक्रांत ही निराळी घटना आहे; पूर्वी या दोन्ही एकाच सुमारास घडत, आणि तेव्हा जुळलेले नाते आपल्या बोलण्यात अजून टिकून आहे.

पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे सूर्य वर्षभरात आकाशातील विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला तितकेच अंश सरकताना दिसतो. २१ किंवा २२ डिसेंबरला तो दक्षिणेकडची शेवटची मर्यादा गाठून परत फिरतो. २०२५ साली हा क्षण २१ डिसेंबरला भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठच्या सुमारास आला. या क्षणाचा ताऱ्यांशी काहीही संबंध नाही. मकरसंक्रांत म्हणजे मात्र सूर्याचा मकर राशीत प्रवेश, आणि आपल्या पंचांगांतील राशी निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या असतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय संथपणे डोलतो व त्याचा एक फेरा पुरा व्हायला सुमारे २६,००० वर्षे लागतात. या परांचन गतीमुळे अयनबिंदू, म्हणजे सूर्य जेथून परत फिरतो ते स्थान, ताऱ्यांमधून दर ७२ वर्षांना साधारण एक अंश मागे जातो. सुमारे १,७०० वर्षांपूर्वी अयनबिंदू आणि मकर राशीचा आरंभ एकत्र होते. आज त्यांच्यात सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे, आणि ते ओलांडायला सूर्याला जवळजवळ तितकेच दिवस लागतात.

हा फरक आपल्या पूर्वसुरींना ठाऊक नव्हता असे मानणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. वेदांगज्योतिष या प्राचीन ग्रंथात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सांगितला आहे. सहाव्या शतकातील ज्योतिषी वराहमिहिर याला आकाशात तसे दिसेना. तेव्हा त्याने बृहत्संहितेत असे लिहिले की, जुन्या शास्त्रांत सांगितले आहे त्या अर्थी पूर्वी कधीतरी खरोखरच तसे असले पाहिजे. सध्या मात्र, असे तो पुढे म्हणतो, अयने कर्काच्या आणि मकराच्या आरंभी होतात, आणि यात फरक पडला आहे की काय, हे प्रत्यक्ष परीक्षण करून ठरवावे. जुन्या ग्रंथाचा मान राखूनही डोळ्यांना दिसते ते मान्य करणारी ही ओळ मला फार मोलाची वाटते. त्याच कसोटीने आज पाहिले, तर उत्तरायण मकरारंभी नव्हे, धनु राशीच्या पहिल्या चतुर्थांशातच सुरू होते, असे वराहमिहिरानेही लिहिले असते.

भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत ही दुरुस्ती झालेलीच आहे. तिच्यातील पौष महिना २२ डिसेंबरला आणि आषाढ महिना २२ जूनला सुरू होतो, म्हणजे तिचे महिने ऋतूंशी बांधलेले आहेत. ही दिनदर्शिका सरकारी कागदांपुरतीच राहिली आणि घराच्या भिंतीवर आली नाही, याची मला खंत वाटते.

प्रश्न : आमच्या कोकणातील काही नातेवाइकांकडे संक्रांत १० जानेवारीला होते. असे का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : ती घरे टिळक पंचांग मानणारी असणार. राशिचक्राचा आरंभ कोणत्या ताऱ्याच्या आधाराने धरायचा, यावर मतभेद आहे. बहुतेक पंचांगे चित्रा ताऱ्यावरून मोजतात, तर केरो लक्ष्मण छत्रे आणि लोकमान्य टिळक यांच्या परंपरेतील पंचांग रेवतीतील एका तारकेवरून मोजते. या दोन आरंभांत सुमारे चार अंशांचे अंतर असल्यामुळे संक्रांतीतही चार दिवसांचे अंतर पडते.

प्रश्न : पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी, ऐन संक्रांतीच्या दिवशी झाली आणि म्हणूनच मराठीत ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार आला, असे आम्ही ऐकत आलो आहोत. ते खरे आहे का? (एक निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : लढाईची तारीख अगदी बरोबर आहे, पण त्या दिवशी संक्रांत नव्हती. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते, म्हणून १७६१ सालीही ती १४ तारखेलाच असणार, असा आपला समज होतो. ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले वर्ष आपल्या इंग्रजी दिनदर्शिकेच्या सरासरी वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असते. ही मिनिटे साठत जाऊन सुमारे ७२ वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी संक्रांतीच्या दिवशी झाला, हे अनेकांना माहीत असते. तेव्हा संक्रांत १२ तारखेला येत होती. त्याच हिशोबाने आणखी शंभर वर्षे मागे गेले, की १७६१ सालची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. पौष शुद्ध अष्टमीच्या त्या बुधवारी यमुनेकाठच्या मैदानावर उपाशी सैन्य लढायला बाहेर पडले, तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले होते.

वाक्प्रचाराबाबत माझे मत असे की, त्याचे मूळ पंचांगातील संक्रांतिफलात शोधावे. संक्रांतीला देवी कल्पून तिचे वाहन, वस्त्र आणि दृष्टी यांचे वर्णन पंचांगात दिलेले असते, आणि तिची दृष्टी वळेल तिकडे अनिष्ट होते असे मानतात. पानिपतच्या आठवणीने त्या शब्दाला धार आली असेल. ती आठवण मराठी मनात इतकी खोल आहे, की तारीख जुळवून घेण्याचा मोह कोणालाही व्हावा.

प्रश्न : संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो असे म्हणतात. मी रोज पहाटे फिरायला जातो, पण जानेवारीत सूर्य आणखीच उशिरा उगवतो असे माझ्या लक्षात आले आहे. माझे घड्याळ चुकते की म्हण? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोन्ही चुकत नाहीत. पुण्याचीच उदाहरणे घेऊ. २१ डिसेंबरला तेथे सूर्य सुमारे ७ वाजून ३ मिनिटांनी उगवतो आणि ६ वाजून ३ मिनिटांनी मावळतो. १४ जानेवारीला सूर्योदय ७ वाजून १० मिनिटांच्या आणि सूर्यास्त ६ वाजून १७ मिनिटांच्या सुमारास होतो. म्हणजे सकाळी सात मिनिटे गेली, संध्याकाळी चौदा आली आणि दिवस सात मिनिटांनीच वाढला. चोवीस दिवसांत सात मिनिटे, ही वाढ खरोखरच तिळाएवढी आहे.

याचे कारण असे की, घड्याळाचा दिवस नेहमी २४ तासांचा असला तरी सूर्याचा दिवस, म्हणजे एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा काळ, वर्षभर सारखा नसतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि आपल्या कक्षेत सर्वाधिक वेगाने धावते. शिवाय अयनबिंदूजवळ सूर्याची ताऱ्यांमधील सारी चाल पूर्वेकडेच होते. या दोन्हींमुळे डिसेंबरच्या अखेरीस सूर्याचा दिवस २४ तासांपेक्षा अर्ध्या मिनिटाने मोठा असतो. मध्यान्ह रोज अर्धा मिनिट पुढे ढकलले जाते, आणि त्याच्याबरोबर सूर्योदय व सूर्यास्त दोन्ही पुढे सरकतात. म्हणून पुण्यात सर्वांत लवकर सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच होऊन जातो, तर सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात होतो. सर्वांत लहान दिवस या दोहोंच्या मधे येतो. संक्रांतीनंतर हळदीकुंकवाला निघालेल्या बायकांना परततानाही उजेड असतो. दिवस वाढल्याची जाणीव आपल्याला आधी संध्याकाळीच होते.

प्रश्न : कोल्हापूरला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव वर्षातून दोनदाच का होतो? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : किरणोत्सवाचे, म्हणजे मावळत्या सूर्याचे किरण देवीच्या मूर्तीवर पडण्याचे, दिवस ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असे आहेत. या दोन्ही वेळांचे २१ डिसेंबरपासूनचे अंतर मोजून पाहा : १० नोव्हेंबर ४१ दिवस आधी येतो आणि १ फेब्रुवारी ४२ दिवसांनंतर. उत्तर यातच आहे. नोव्हेंबरात मावळतीचा सूर्य पश्चिम बिंदूच्या दक्षिणेला सुमारे १८ अंशांवर असतो; पुढे तो सरकत सरकत अयनदिनाला साडेचोवीस अंशांपर्यंत जातो, तेथून परत फिरतो आणि फेब्रुवारीच्या आरंभी पुन्हा त्याच १८ अंशांवर येतो. महाद्वाराच्या दिशेकडून गाभाऱ्यापर्यंतची उघडी वाट नेमकी त्या कोनाशी जुळत असल्यामुळे सूर्याला ती जाताना एकदा आणि येताना एकदा सापडते. सूर्य क्षितिजाकडे झुकतो तसे किरण अधिकाधिक आडवे होतात आणि उंबरठे ओलांडून देवीच्या चरणांपासून वर चढत जातात. वाटेतील उंच बांधकामे आणि हवेतील धूळ यांमुळे काही वर्षी ते मुखापर्यंत पोहोचत नाहीत. ही वाट मोकळी ठेवणे ही केवळ देवस्थानाची नाही, साऱ्या शहराची जबाबदारी आहे असे मी मानतो.

प्रश्न : आमच्याकडे २४ जूनला सांजांव, म्हणजे संत योहानाचा सण, साजरा होतो. तो सर्वांत मोठ्या दिवसाच्या इतका जवळ येतो, हा योगायोग आहे का? (एक वाचक, बार्देश, गोवा)

उत्तर : योगायोग नाही. लूकच्या शुभवर्तमानानुसार बाप्तिस्मा करणारा योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा होता, म्हणून नाताळाच्या सहा महिने आधी त्याचा जन्मदिवस धरला गेला. आणि रोमन गणनेत २५ डिसेंबर व २४ जून हे परंपरेने अयनदिनच मानले जात. युरोपात त्या रात्री शेकोट्या पेटवून उन्हाळ्याचा मध्य साजरा करीत. हाच सण पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला, तेव्हा तो भर पावसात आला. तुडुंब भरलेल्या विहिरी, फुलापानांचे कोपेल डोक्यावर घालून त्यांत उड्या टाकणारी तरुण मंडळी आणि शिवोलीच्या सजवलेल्या होड्या, हे त्याचे रूप गोव्याचे स्वतःचे आहे. मातेच्या उदरात बाळ योहानाने आनंदाने उडी मारली, या कथेशी विहिरीतील उडीचा संबंध जोडतात.

प्रश्न : सूर्याचे हे परत फिरणे मला माझ्या सातवीच्या मुलांना प्रत्यक्ष दाखवायचे आहे. शाळेत दुर्बीण नाही. काय करता येईल? (एक शिक्षक, भोर, जि. पुणे)

उत्तर : दुर्बिणीची मुळीच गरज नाही. एक मीटर लांबीची सरळ काठी शाळेच्या अंगणात ओळंब्याने उभी करा आणि मध्यान्हीच्या सावलीच्या टोकाशी खूण करा. मध्यान्ह म्हणजे घड्याळातील बारा नव्हेत. तुमच्याकडे २१ डिसेंबरला ते १२ वाजून ३३ मिनिटांच्या सुमारास येते. बारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी खुणा केल्यात, तर त्यांतील सर्वांत आखूड सावली ती मध्यान्हीची.

२१ डिसेंबरला ही सावली जवळजवळ ९० सेंटिमीटर भरेल आणि काठीच्या उत्तरेला पडेल. त्यानंतरच्या पाच दिवसांत ती जेमतेम तीन मिलिमीटरने आखडेल, इतकी कमी की मुलांना खूण जागची हललीच नाही असे वाटेल. हाच प्रयोग मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात केला, तर सावली एका दिवसात सुमारे आठ मिलिमीटरने आखडलेली दिसेल. अयनाजवळ सूर्य थबकतो म्हणतात तो असा.

खरी गंमत पुढे आहे. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मेच्या मध्यावर तुमच्याकडे एका दुपारी सूर्य थेट डोक्यावर येईल आणि काठीची सावली नाहीशी होईल. त्यानंतर तो उत्तरेला ओलांडून जाईल, आणि २१ जूनला, ढगांनी कृपा केली तर, सुमारे नऊ सेंटिमीटरांची लहानशी सावली काठीच्या दक्षिणेला पडलेली दिसेल. सूर्य नेहमी दक्षिणेकडून जातो असे मानणाऱ्या मुलांना ही सावली आधी पाहू द्या आणि कारण मागाहून सांगा. मेमध्ये शाळेला सुट्टी असेल, म्हणून काठीची जागा एप्रिलमध्येच चुन्याने आखून ठेवा आणि गावातच राहणाऱ्या दोन-तीन मुलांवर रोजची खूण करण्याचे काम सोपवा. खुणांच्या तारखा वहीत लिहायला मात्र विसरू नका. पुढल्या डिसेंबरात त्याच वहीवरून ताळा करता येईल.