वाचकांचे प्रश्न : पंचायतीची खरेदी, तीन कोटेशने आणि निविदा

प्रश्न : आमच्या पंचायतीने कचरा गोळा करण्यासाठी हातगाड्या आणि कचराकुंड्या घेतल्या. एकूण खर्च निविदा काढावी लागेल एवढा होता; पण प्रत्येक वाड्याची मागणी वेगळी दाखवून दर वेळी तीन कोटेशने घेण्यात आली आणि सगळे काम एकाच दुकानदाराला मिळाले. ग्रामसभेत विचारले असता ‘प्रत्येक बिल मर्यादेतच आहे’ असे उत्तर मिळाले. हे नियमाला धरून आहे का?
– एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : खर्चाची मर्यादा एकूण गरजेच्या किमतीवरून मोजायची असते, एकेका बिलावरून नव्हे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, 2017 मधील नियम 157 नेमका याच पळवाटेविषयी आहे : स्पर्धात्मक बोली किंवा वरिष्ठांची मंजुरी टाळण्यासाठी मागणीचे लहान लहान तुकडे पाडून खरेदी करू नये, असे तो सांगतो. गोव्याचा वित्तीय कारभार 1987 पूर्वीच्या केंद्रशासित काळापासून याच नियमांच्या वळणाने चालत आलेला आहे. कोटेशनवर भागणारी रक्कम किती, हे मात्र परिपत्रकांनुसार वेळोवेळी बदलते. त्यामुळे खरेदीच्या तारखेला कोणते परिपत्रक लागू होते, हे सचिवांकडून लेखी मागून घ्यावे.

वेगवेगळी खरेदी म्हणजे दर वेळी तुकडेबाजीच, असेही नाही. एका वाड्याची गरज आधी आणि दुसऱ्याची सहा महिन्यांनी खरोखरच उद्भवली असेल, तर दोन खरेद्या समर्थनीय ठरतात. पाहायचे ते ठरावांच्या तारखा, वस्तूंचे वर्णन आणि पुरवठ्याचे दिवस. एकाच बैठकीत मंजूर झालेल्या, एकाच मापाच्या कुंड्या चार फायलींत विभागल्या गेल्या असतील, तर त्या विभागणीचे कारण फायलीवर नोंदलेले असायला हवे. ‘तातडी होती’ हे कारणही तपासून घ्यावे. गटारे उपसण्याचे काम दरवर्षी मेअखेरीस तातडीचे ठरवणाऱ्या पंचायतींना जूनमध्ये पाऊस येतो याची कल्पना नसावी, असे मानणे कठीण आहे.

तीन कोटेशनेही बारकाईने वाचावीत. तिन्ही पत्रांतील मजकूर, शुद्धलेखनाच्या चुका आणि तारीख सारखीच असेल, किंवा तिन्ही दुकाने एकाच घरातील माणसांची असतील, तर कागदावर स्पर्धा दिसली तरी ती झालेली नसते. बोली लावणाऱ्यांनी आपापसांत संगनमत करणे स्पर्धा कायदा, 2002 च्या कलम 3 नुसार निषिद्ध आहे. मात्र केवळ साम्यावरून कोणावर आरोप करू नये. साम्य हे चौकशी मागण्याचे कारण आहे, पुरावा नव्हे.

प्रश्न : पालिकेच्या एका कामासाठी मी सर्वांत कमी दर भरला होता, तरी दुसऱ्या क्रमांकाच्या कंत्राटदाराला कार्यादेश मिळाला. कमी दराचीच निविदा स्वीकारणे बंधनकारक नाही का?
– एक छोटे कंत्राटदार, बार्देश

उत्तर : कमीत कमी दराचा विचार पात्र ठरलेल्या बोलीदारांपुरताच होतो. दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत तांत्रिक लिफाफा आधी उघडतात आणि त्यात जो बाद होतो त्याचा आर्थिक लिफाफा उघडायचाच नसतो. तुमचा दर वाचून दाखवला गेला असेल, तर तुम्ही तांत्रिकदृष्ट्या पात्र होता असा अर्थ निघतो आणि मग नकाराचे कारण लेखी मागण्यास तुमच्याकडे भक्कम आधार आहे.

रमणा दयाराम शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1979 साली घालून दिलेले तत्त्व येथे उपयोगी पडते. मुंबईच्या विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेत पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती आणि ती पूर्ण न करणाऱ्याला काम देण्यात आले होते. प्राधिकरणाने स्वतः जाहीर केलेली पात्रतेची अट त्याने स्वतःही पाळलीच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. याचा रोख दोन्ही बाजूंना आहे : जाहिरातीत नसलेली अट पुढे करून तुम्हाला बाद करता येणार नाही, तसेच असलेली अट तुमच्यासाठी शिथिलही करता येणार नाही. त्या खटल्यात अर्जदाराला प्रत्यक्ष दिलासा मात्र मिळाला नाही, कारण तो उशिरा आला होता आणि तोपर्यंत ठेकेदाराने बराच खर्च केला होता. म्हणून हरकत कार्यादेश निघण्यापूर्वी नोंदवावी आणि पर्वरी येथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जायचे असल्यास काम सुरू होण्याची वाट पाहू नये. न्यायालय निर्णयाची प्रक्रिया तपासते, कोणता कंत्राटदार बरा हे ठरवत नाही. टाटा सेल्युलर खटल्यापासून, म्हणजे 1994 पासून, ही भूमिका कायम आहे.

प्रश्न : एकच निविदा आली तर ती रद्द करावी लागते का?
– एक पंच, सत्तरी

उत्तर : आपोआप नाही. जाहिरात पुरेशी झाली होती, मुदत पुरेशी दिली होती, अटी अवाजवी कडक नव्हत्या आणि दर बाजारभावाशी जुळतो, एवढे फायलीत नोंदवता आले तर एकमेव निविदाही स्वीकारता येते. अट एखाद्यालाच बसेल अशी बेतलेली असेल, तर फेरनिविदा त्याच अटींसह काढण्यात काहीच अर्थ नाही.

प्रश्न : ही कागदपत्रे सामान्य नागरिकाला पाहता येतात का?
– एक वाचक, केपे

उत्तर : येतात. माहिती अधिकार कायदा, 2005 खाली पंचायतीचे सचिव जन माहिती अधिकारी असतात आणि उत्तराची मुदत साधारणतः 30 दिवसांची आहे. अंदाजपत्रक, निविदा सूचना, तुलनात्मक तक्ता, पंचायत मंडळाचा ठराव, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिका अशी नावे घेऊन मागणी करावी. ‘सर्व माहिती द्यावी’ असा मोघम अर्ज टाळावा. बोली उघडण्यापूर्वी इतरांचे दर मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. काम दिल्यानंतर मात्र कलम 8(1)(ड) मधील व्यापारी गोपनीयतेचे कारण स्वीकारलेल्या दरासाठी सहसा टिकत नाही. याच कायद्याने कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही दिला आहे, जो फारच कमी लोक वापरतात. उत्तर न मिळाल्यास पहिले अपील गटविकास अधिकाऱ्यांकडे 30 दिवसांत आणि दुसरे राज्य माहिती आयोगाकडे 90 दिवसांत करावे.