व्हॉल्व्ह तपासायला एवढी मजुरी कशी?

प्रश्न: माझ्या चार सिलिंडरच्या सुपरबाइकच्या २४,००० किमीच्या सर्व्हिसमध्ये व्हॉल्व्ह क्लिअरन्सची मजुरीच सर्वांत जास्त लावली आहे. इंजिनाचा आवाज तर अजिबात नाही. हे काम टाळू का?

उत्तर: टाळू नका. आवाज नाही म्हणून निर्धास्त राहणं हीच इथली फसगत. क्लिअरन्स म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या कॅममधली बारीक फट. ती वाढली तर टकटक ऐकू येते. कमी झाली तर इंजिन उलट गप्प होतं. सीट (व्हॉल्व्ह मिटताना टेकतो ती कडी) झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, विशेषतः एक्झॉस्टचा. मग तो पुरता मिटत नाही, उष्णता सीटमध्ये उतरत नाही आणि कड जळते. पुढे इंजिनाचं हेडच उतरवावं लागतं.

पैसे जातात ते वेळेचे. फेअरिंग, टाकी, एअरबॉक्स काढून, थंड इंजिनावर सोळाही व्हॉल्व्हच्या फटी फीलर गेजने (पातळ मोजपट्ट्यांनी) मोजायच्या. माप हद्दीबाहेर निघालं तर कॅमशाफ्ट (कॅमचा दांडा) काढून शिम, म्हणजे फट नेमकी ठेवणारी छोटी चकती, बदलायची. शिम स्वस्त असते, लागोपाठच्या दोन मापांच्या जाडीत ०.०५ किंवा ०.०२५ मिमीचाच फरक. महाग पडतो तो कारागिराचा हात.

नुसती तपासणी आणि शिम बदलणं यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. मोजलेली सोळा मापंही मागा (देत नसतील तर मोजली का, ही शंका रास्तच). टाकी निघालीच आहे तर प्लग, एअर फिल्टर त्याच वेळी उरकून घ्या. मात्र किती किमीला तपासायचं ते अंतर मॅन्युअलमधलंच धरा; काही मॉडेलना ते बरंच जास्त असतं.