व्हर्च्युअल मशीन ‘आय/ओ एरर’ दाखवून थांबतं, एरर पॉलिसी ‘इग्नोर’ करू का?

भाऊ, जिनिंगच्या काट्यावरचं हिशेबाचं व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या संगणकात चालणारा आभासी संगणक) ऐन कापसाच्या गर्दीत ‘पॉज्ड’ होतं म्हणून तुम्हाला कोणी ‘इग्नोर’ सुचवलं असेल, तर ते अजिबात करू नका.

व्हीएमची डिस्क म्हणजे होस्टवरची, म्हणजे खऱ्या संगणकावरची, एक फाइल. तिच्यात लिहिताना अडलं तर काय करायचं, हे व्हीएम चालवणाऱ्या क्यूएमू या प्रोग्रामच्या ‘डब्ल्यू-एरर’ सेटिंगवर ठरतं. तिथे हात लावला नसेल तर जागा संपल्यावर व्हीएम थांबतं आणि बाकीच्या एरर गेस्टला (व्हीएममधल्या सिस्टिमला) कळवल्या जातात. म्हणून माझा पहिला संशय भरलेल्या होस्ट डिस्कवर आहे. क्यूकाऊ-२ प्रकारची डिस्क फाइल लागेल तशी फुगते. गेस्टला १०० जीबी दिसतात, होस्टवर तेवढी जागा असेलच असं नाही. त्यात जुने स्नॅपशॉट (व्हीएमच्या आधीच्या स्थितीच्या जतन केलेल्या प्रती) पडून असतील तर विचारूच नका.

हे थांबणं तुमच्या फायद्याचं आहे. अडलेलं लिखाण क्यूएमू धरून ठेवतो आणि जागा करून ‘व्हर्श रिझ्यूम’ ही कमांड दिली की तेच पुन्हा लिहितो. ‘इग्नोर’मध्ये मात्र गेस्टला ‘लिहून झालं’ असं सांगितलं जातं आणि डिस्कवर काहीच उतरत नाही. काटापट्टी शेतकऱ्याच्या हातात गेली, गाडी खाली झाली आणि एंट्रीच नाही, तर चुकारा कशावरून काढणार? त्या माणसाचं वर्षाचं पीक आहे ते.

आधी ‘व्हर्श डोमब्लकएरर’ चालवा, कोणत्या डिस्कवर काय एरर आहे ते ती कमांड सांगते. ‘नो स्पेस’ आलं तर नको ते स्नॅपशॉट रीतसर काढा. ‘अनस्पेसिफाइड एरर’ आलं तर होस्टच्या ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या नोंदींत) आणि ‘स्मार्टसीटीएल’ने (डिस्कची तब्येत सांगणाऱ्या कमांडने) खरी डिस्क तपासा, ती मरायला टेकली असू शकते. मी व्हीएम सांभाळणाऱ्या लिबव्हर्टमध्ये ‘एरर पॉलिसी’ (क्यूएमूची ‘डब्ल्यू-एरर’ यावरूनच ठरते) सरळ ‘स्टॉप’ ठेवतो, म्हणजे जागेव्यतिरिक्त लिहिण्याची दुसरी एरर आली तरी व्हीएम थांबतं.

खात्री करायची तर इमेजच्या (व्हीएमच्या डिस्क फाइलच्या) कॉपीवर करा. क्यूएमूच्या ‘ब्लकडीबग’ ड्रायव्हरने मुद्दाम एरर घालता येते, २८ म्हणजे जागा संपली, ५ म्हणजे आय/ओ एरर. दोन्ही घालून व्हीएम कसं वागतं ते सीझनच्या आधीच पाहून घ्या.

आपल्याकडे लाइन कधीही जाते, म्हणून कॅशे मोड (लिखाण आधी मेमरीत कसं धरायचं ते ठरवणारं सेटिंग) ‘अनसेफ’ नाही ना तेही बघा. त्यात गेस्टने डेटा डिस्कवर उतरवायला सांगितलं तरी ते मनावर घेतलं जात नाही. आणि ‘क्यूएमू-इमेज चेक’ने दुरुस्ती करायची तर व्हीएम पूर्ण बंद करून, बॅकअप घेऊनच. चालू व्हीएमच्या फाइलवर ती लावली तर चांगली इमेजही खराब होऊ शकते.