जुन्या लेथमध्ये गाडीचे इंजिन ऑइल वापरावे का?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आपल्या जुन्या लेथच्या (धातू कातण्याच्या यंत्राच्या) हेडस्टॉकमध्ये, म्हणजे काम फिरवणारे गिअर व बेअरिंग असलेल्या भागात, उरलेले इंजिन ऑइल घालावे का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की, घालू नये. इंजिन ऑइलमधील डिटर्जंट घाण तेलातच तरंगत ठेवतात. इंजिनात ती फिल्टरमध्ये अडकते, परंतु जुन्या हेडस्टॉकमध्ये बहुधा फिल्टरच नसल्याने ती तळाशी न बसता गिअर आणि बेअरिंगमधून फिरत राहते.

मशीनचे मॅन्युअल असल्यास त्यातील ग्रेड प्रमाण मानावी. नसल्यास गिअर असलेल्या हेडस्टॉकला साधारणपणे आयएसओ व्हीजी ६८ चे हायड्रॉलिक ऑइल चालते. हा आकडा ४० अंश सेल्सिअसला मोजलेला दाटपणा दर्शवतो, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात शेडमधील हवाच तेवढी तापत असल्याने चालू मशीनमधील तेल त्याहून पातळ होते, हे ध्यानात ठेवावे.

बेडसाठी (लेथच्या ज्या पायावर इतर भाग सरकतात त्यासाठी) मात्र सरकत्या पृष्ठभागांसाठीचे स्लाइडवे ऑइलच घ्यावे, कारण त्यातील चिकटपणामुळे ते कूलंटने (कातताना सोडल्या जाणाऱ्या थंड करणाऱ्या द्रवाने) सहज धुऊन जात नाही. ब्राँझचे बुश (शाफ्टला आधार देणारी नळी) किंवा वर्म व्हील (स्क्रूसारख्या गिअरने फिरणारे चाक) असल्यास सक्रिय गंधकयुक्त ईपी (अति दाबासाठीचे) गिअर ऑइल कटाक्षाने टाळावे. ते ब्राँझ खाते, आणि तसा बुश नव्याने करून घेणे तेलापेक्षा फार महाग पडते.