सॉफ्टवेअर येतं, पैसे मागता येत नाहीत

"मॅडम, नोकरी सोडून या नव्या सॉफ्टवेअरचा सल्लागार व्हावं म्हणतोय. पण उद्या ते बंदच पडलं तर?"

मी करिअरचा सल्ला देते. हा प्रश्न घेऊन वर्षाकाठी चार-पाच जण तरी माझ्याकडे येतात, फक्त सॉफ्टवेअरचं नाव बदलतं. चाळिशीतले हे गृहस्थ (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत) भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघायचे. कारखान्यानं हिशेब आणि स्टॉक ईआरपीनेक्स्ट या धंद्याचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर नेला, तो यांनीच रात्री जागून मार्गी लावला.

बंद पडण्याच्या भीतीवर मी फार वेळ घालवला नाही. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रापे कंपनीचं आणि ओपन सोर्स आहे. लायसन्सचे पैसे नाहीत, कोड खुला, त्यामुळे ते एका कंपनीच्या जिवावर नाही. पण लायसन्स विकून मिळणारं कमिशनही त्यात नाही, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तुम्ही नेमकं केलंत काय?" असं विचारल्यावर त्यांनी लॅपटॉप उघडला. जुन्या आयटम यादीत 'एम८ नट', 'नट ८ एमएम' आणि 'नट एम-८ जुना'. नट एकच, नावं तीन आणि शिल्लक तीन ठिकाणी.

"हे निस्तरायला तीन आठवडे गेले मॅडम. सॉफ्टवेअर काय, चार दिवसांत समजलं."

विकायचं ते हे. आणि हा गोंधळ निस्तरणारा माणूस कुठल्याही सॉफ्टवेअरला लागतो.

मग खरी गाठ सापडली. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं) सक्तीचं झालं, तेव्हापासून ओळखीचे कारखानदार त्यांना मदतीला रविवारी बोलावत होते. मी सहा महिन्यांचे रविवार लिहून काढायला लावले. अकरा निघाले. कमाई : एक पेढ्यांचा बॉक्स आणि दोन जेवणं.

फीचा आकडा मोठ्यानं बोलून दाखवा म्हटलं. "पंचवीस हजार... म्हणजे, बघा, तुम्हाला जमेल तसं." पहिले दोन शब्द ठीक होते, शेपूट कापायला आम्हाला दोन बैठका लागल्या. (मला स्वतःला माझी फी सांगायला किती वर्षं लागली, ते त्यांना सांगितलं नाही.)

राजीनाम्याचा विषय मी मागे ढकलला. घराचा हप्ता चालू होता. शिवाय नेमणूकपत्रात बाहेर काम करायला मनाई होती, म्हणून आधी मालकांची लेखी परवानगी. ती मिळाली, स्पर्धकाकडे जायचं नाही या अटीवर. कोटेशन एका पानाचं ठेवलं : आयटम यादी साफ करणं, ओपनिंग स्टॉक आणि पार्ट्यांची बाकी जुळवणं, पहिल्या महिन्याचं जीएसटी रिटर्न जुळेपर्यंत सोबत राहणं. निम्मे पैसे आधी. नवे रिपोर्ट, प्रोग्रामिंग वेगळं. ते त्यांना येतही नाही, आणि तसं सांगायला लाजू नका म्हटलं.

पहिल्या पार्टीनं 'नंतर बघू' म्हणून टोलवलं. दुसऱ्या ठिकाणाहून निघाल्यावर त्यांचा फोन आला.

"ते म्हणाले, जास्त होतात. मी गप्प बसलो."

"मग?"

"त्यांनी चहा मागवला. मी दोन कप प्यालो मॅडम. मग त्यांनी चेकबुक काढलं."

नोकरी अजून सोडलेली नाही. तिसरं काम हातात आल्यावर बोलू, असं ठरलंय.